पुढच्या फेरीत

३ मार्च २०२५, सोमवार

पोचलो एकदाचा. वडूजवरून सकाळची एसटी, मधे एक गाडी बदलली आणि सांगलीच्या स्टँडवर उतरलो, तर अरिहंत मोटारसायकलवर बसून वाटच बघत होता. जुनी घरं विकून देणं हा त्याचा धंदा. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, की हवालदारसाहेब, रिटायर होऊन कोंबड्या राखत बसण्यापेक्षा माझ्याकडं या, घरं झाडूनपुसून, रंगवून गिऱ्हाइकापुढं उभी करायला भरवशाचा माणूस पाहिजे. फौजेत सतरा वर्षं काढली. बंदूक किती वेळा चालवली ते बोटांवर सांगेन, पण भिंतींना चुना किती वेळा मारला त्याला गणती नाही. त्यामुळं लगेच हो म्हणालो. रेश्मा माझ्याहून खूश. मी घरात असलो की तिला डब्यांची झाकणंसुद्धा रांगेत लावावी लागतात, अशी तिची तक्रार आहे.

घर झकास आहे. नदीकडच्या बाजूची शांत गल्ली, समोर चार पायऱ्या, मोठा हॉल, मागं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. हॉलमधूनच गच्चीवर जिना जातो. सात पायऱ्या चढल्या की तो वळतो आणि त्या वळणावर गजांची एक छोटी खिडकी आहे. मालकीण त्रिशलाताई, लग्न करून हुबळीला गेलेल्या. आईवडील राहिले नाहीत, घर ठेवायचं नाही, एवढंच अरिहंतनं सांगितलं. गिऱ्हाईक सोळा तारखेला, रविवारी, शेवटचं बघायला येणार. तोवर मी इथंच मुक्काम करायचा.

अरिहंत मला ओळखतो तो एकोणीसच्या पुरामुळं. तेव्हा मी सुट्टीवर होतो. गावातली पोरं टेम्पोतून मदतीचं सामान घेऊन इकडं आली, मीही चढलो. एका गुऱ्हाळवाल्याची काहिल मिळाली. गूळ शिजवायची ती मोठी लोखंडी कढई, पुरात तीच होडी. तिच्यात बसून दोन दिवस माणसं बाहेर काढली. एका तान्ह्या बाळाला डोक्यावर धरून आणतानाचा माझा व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फिरला. गावात फेटा बांधून सत्कार झाला. अरिहंत कुणाशीही ओळख करून देताना आधी तो व्हिडिओ दाखवतो. मला अवघडल्यासारखं होतं, पण मी त्याला थांबवत नाही.

मागच्या खोलीत अंथरूण टाकलंय. उद्या सकाळी सहाला सुरुवात.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर नुसती झाडलोट. घर साडेपाच वर्षं बंद होतं. एकवीस साली परत पाणी येऊन गेलं, तेव्हा अरिहंतनं माणसं लावून गाळ काढून घेतला होता, पण कोपऱ्याकोपऱ्यांत अजून आहे. वाळून पिठासारखा झालाय. आमच्याकडं वडूजला उन्हाळा आला की टँकरच्या मागं पळायचं, आणि इथं पाण्यानं घराघरांत येऊन खुणा करून ठेवल्यात. देवाचं वाटप आमच्या तालुक्याच्या बाबतीत कधी जमलं नाही.

हॉलच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ आहे, चारी भिंतींना सरळ, दोरी धरून मारल्यासारखी. इथं प्रत्येक घर विकताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, पाणी कुठवर आलं होतं? आणि प्रत्येक मालक सांगतो, पायरीपर्यंत. अरिहंत हसत हसत म्हणाला, की आमच्या सांगलीत एकोणीस साली सगळ्यांच्याच पायरीपर्यंत आलं होतं, मग नदी गेली कुठं कुणास ठाऊक. थोडक्यात, ती रेघ जायला पाहिजे. माझं मुख्य काम तेच.

जिन्याच्या खिडकीला बाहेरून चिंधी बांधलेली होती. चौपदरी जाड फडकं, जैनांच्या घरी पाणी गाळायला ठेवतात तसलं. ऊन-पावसानं कडक झालेलं, गाठ इतकी घट्ट की सुटेना. शेवटी विळीनं कापून कचऱ्यात टाकली. आता खिडकी कशी मोकळी दिसते.

६ मार्च, गुरुवार

काल रेघ खरवडली, धुतली, पुट्टी भरली, घासली आणि वर प्रायमर मारला. काम बघून मलाच बरं वाटलं. आज सकाळी चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आलो तर रेघ परत आली होती. खार फुटतो, ओल आतून वर चढते, हे मला माहीत आहे. फक्त एक गोष्ट मनात राहिली. काल ती माझ्या गुडघ्याला होती. आज मांडीच्या मध्यावर आहे.

अरिहंतला दाखवली. तो म्हणाला, मापायला चुकला असाल. मी चुकत नाही. पण वाद घातला नाही.

मागचं कोठार उघडलं. त्यात जुनं शिसवी टेबल आणि एक लोखंडी कॉट. टेबलावर विटांचे चार चौकोनी डाग, गाळ बसून पक्के झालेले, आणि खाली आठ विटा रचून ठेवलेल्या. मग हॉलच्या फरशीकडं लक्ष गेलं. भिंतीलगत चार ठिकाणी टेबलाच्या पायांनी फरशी दबलीय, दोन तर तडकल्यात. म्हणजे कुणीतरी टेबलावर विटा, विटांवर कॉट, असं चढवलं होतं. पूर आला की लोक धान्याची पोती अशीच उंचावर ठेवतात. धान्यच असेल.

टेबल घासून घासून धुतलं. विटांचे डाग निघाले नाहीत.

८ मार्च, शनिवार

रेघ कमरेला. परत पुट्टी, परत प्रायमर. रंगाच्या दुकानदाराकडून खास ओल थांबवायचं औषध आणलं, तेही मारलं.

दुपारी जेवून हॉलमध्ये बसलो होतो. बाहेर टळटळीत ऊन. तेवढ्यात बाहेरच्या भिंतीवर काहीतरी आपटलं. लोखंडाचा जड, पोकळ आवाज, ठण्ण. मग भिंतीला घासत घासत पुढं गेल्यासारखा. तो आवाज मला माहीत आहे. काहिलीला सुकाणू नसतं, ती गरगर फिरते आणि वळताना भिंतींना घासते. बाहेर जाऊन बघितलं तर रस्ता कोरडा, एक कुत्रं सावलीत झोपलेलं.

आत येऊन जिन्याकडं बघितलं. खिडकीला चिंधी बांधलेली होती. तेच फडकं, कापलेल्या जागी धड, आणि ओलं.

मी कचऱ्याची बादली बघितली नाही. बघायला पाहिजे होती.

१० मार्च, सोमवार

आज बाहेरची भिंत घेतली. शिडी लावली आणि ब्रश घेऊन जिन्याच्या खिडकीपर्यंत चढलो. माझं तोंड खिडकीच्या बरोबर समोर आलं. खाली बघितलं नाही, आत बघितलं.

ही खिडकी मी ओळखतो. आठवडाभर या घरात राहतोय आणि ओळखलं नाही, कारण तेव्हा इथं घर नव्हतंच. रस्ता नव्हता, पायऱ्या नव्हत्या, दार नव्हतं. नुसतं तांबडं पाणी, विजेच्या खांबांची टोकं आणि भिंतींचे वरचे तुकडे. ही खिडकी आणि तिच्यात एका म्हाताऱ्या बाईचं तोंड, बरोबर माझ्या तोंडासमोर. आता माझ्या पायाखाली शिडीच्या अकरा पायऱ्या होत्या. तेव्हा पाणी होतं.

सगळ्यांना काढता येत नाही. हे मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलोय. फेट्यातल्या फोटोकडं बघूनही सांगतो.

खाली उतरलो. आज काम बंद ठेवलं. रेघ बरगड्यांना लागलीय.

११ मार्च, मंगळवार

गिऱ्हाईक अचानक आलं. साक्षीताई म्हणून आहेत, शाळेत शिकवतात. बोलायला मोकळ्या, आल्या आल्या माझ्या कामाचं कौतुक केलं. त्यांचे सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत, उजवी बाजू गेलेली. सध्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांना महिनोन् महिने बाहेरचं ऊन दिसत नाही, म्हणून खालचं घर पाहिजे. टेप घेऊन त्यांनी पलंगाची जागा मापली. भिंतीलगत, दाराच्या समोर, म्हणजे रस्ता दिसेल. त्या चार दबलेल्या फरश्यांवरच टेपचं टोक टेकलं.

मग त्यांनी मला विचारलं. अरिहंतला नाही, मला. म्हणाल्या, तुमी पुरात लोकांस्नी वाचवलंय, व्हिडिओ बघितलाय मी, तुमी खोटं सांगणार न्हाई. पाणी कुठवर आलं होतं?

रेघ त्यांच्या खांद्याच्या मागं स्पष्ट दिसत होती. त्यांना दिसत नव्हती.

मी म्हणालो, पायरीपर्यंत.

मला लाज वाटते. अवघडणं वगैरे नाही, सरळ लाज.

१२ मार्च, बुधवार

दुपारी त्रिशलाताईंचा फोन. घराचं काम कुठवर आलं विचारायला केला होता, पण त्यांना बोलायचं दुसरंच होतं. अरिहंतनं त्यांना माझ्याबद्दल सांगितलेलं.

त्यांचे वडील रामगोंडा, पक्षाघातानं पडून होते. पाणी चढायला लागलं तसं आईनं, सुंदरीबाईंनी, शेजाऱ्यांच्या मदतीनं टेबलावर विटा आणि विटांवर कॉट चढवली. जिन्याच्या अरुंद वळणावरून वडिलांना वर नेता येत नव्हतं. शेजारी गेले. आई राहिली. दुपारी तीनला आईचा शेवटचा फोन आला. खुशीत होती. म्हणाली, काहिलीतनं एक फौजी आलाय, पुढच्या फेरीत येतो म्हणालाय, शब्द दिलाय, तू आता कुणाला फोन करू नकोस, दुसऱ्यांची लेकरं अडकल्यात. त्रिशलाताईंनी मग कुणालाच फोन केला नाही.

साडेचारला समोरून एक मोठी लाकडी नाव आली होती, हे नाववाल्यांनी त्यांना नंतर सांगितलं. तिच्यात वडील आडवे मावले असते. सुंदरीबाईंनी त्यांना परत पाठवलं. खिडकीतून ओरडून सांगितलं, की आमचा माणूस येणार हाय, तुमी त्या पलीकडच्या बाळंतिणीला न्या आधी.

पाणी उतरल्यावर दोघं हॉलमध्ये सापडले. वडील कॉटवर. आई शेजारी, दोन्ही हात त्यांच्या मानेखाली.

त्रिशलाताईंनी विचारलं, तुम्ही तेव्हा तिथंच होता ना, तो फौजी कोण, माहीत आहे का? मी विचारलं, शोधून काय करणार? त्या म्हणाल्या, काही नाही हो. त्याचंच काही बरंवाईट झालं असेल का, एवढंच विचारायचं होतं. आई असती तर तिनं पहिलं तेच विचारलं असतं.

मी म्हणालो, माहीत नाही.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. बाहेर पोरं आतापासूनच बोंबलतायत.

लिहून टाकतो. कुठंतरी लिहायलाच पाहिजे.

काहिलीत तेव्हा एक आई, तिचं तान्हं आणि दोन म्हातारे होते. आडवा माणूस मावला नसता, हे खरं आहे. तिथवर माझी चूक नाही. ती म्हणाली, येशील न्हवं रं बाळा? मी म्हणालो, पुढच्या फेरीत येतो मावशी, शब्द हाय. खिडकीला कायतरी बांधून ठेवा, म्हंजे घर ओळखंल.

काठाला आलो. बाळ मी डोक्यावर धरलं होतं, धरायची गरज नव्हती, पाणी तिथं कमरेएवढंच होतं. लोक फोन धरून उभे होते. टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, परत एकदा चालत या, नीट आलं नाही. मी बाळ घेऊन परत पाण्यात उतरलो आणि परत चालत आलो. मग चहा. मग मोठ्या माणसांबरोबर फोटो. काहिलवाला दोनदा बोलवायला आला, चला म्हणाला, दिवस हाय तवर जाऊन येऊ. मी म्हणालो, आलोच. फोटो संपेतो दिवस मावळायला आला आणि काहिलवाला म्हणाला, आता न्हाई जमायचं. मला बरं वाटलं. ते बरं वाटलेलं मी कुणालाच सांगितलेलं नाही, रेश्मालासुद्धा नाही.

दोन तास होते माझ्याकडं. पुरते दोन तास.

रेघ हनुवटीला आहे.

१४ मार्च, शुक्रवार

ठरवलं. सकाळी काळा ऑइलपेंट घेतला आणि हॉलच्या भिंतीवर, रेघेच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाणी इथंवर होतं. मी येतो म्हणालो होतो. आलो नाही. आकाराम, हवालदार. साक्षीताई दारातून आत आल्या की पहिलं हेच दिसेल. मग त्रिशलाताईंना फोन करायचा. आधी लिहायचं, मग फोन. मन हलकं झालं.

अकराला अरिहंत आला. त्यानं भिंतीकडं बघितलं आणि म्हणाला, एक नंबर झालंय फौजी, दुधासारखी भिंत! त्यानं अक्षरांखालून हात फिरवला. बोटं चिखलानं भरली. बोलत बोलत ती रुमालाला पुसली आणि रुमाल खिशात घातला. त्याला काही दिसलं नाही. मी सांगायला लागलो, सगळं सांगितलं, तर तो हसला. उन्हानं डोकं फिरलंय म्हणाला, रविवारनंतर चार दिवस गावाला जाऊन या.

तो गेल्यावर मी वळून बघितलं. अक्षरं नाहीत. पांढरी, गुळगुळीत भिंत. मीच तयार केलेली. काही म्हणजे काही दिसत नाही तिच्यावर.

फोन चालू होईना. उघडला तर आत तांबडं पाणी.

१५ मार्च, शनिवार. सकाळ

दार उघडत नाही. चौकटीला परवा मीच रंग मारलाय, चिकटलं असेल — खांदा लावून बघितला. बाहेरून दाबून धरल्यासारखं आहे. खिडक्यांचे गज मीच घट्ट केलेत.

कोठारातलं टेबल हॉलमध्ये आलंय. चार फरश्यांवर चार पाय. वर विटा. वर कॉट.

मी आणलं नाही.

दुपार

फरशी कोरडी आहे. हात लावून बघितला, कोरडी. पण चालताना पाय जड पडतात — ओढल्यासारखे. पाचव्या पायरीवर बसलोय. जिन्यावर आता वेगळी रेघ उमटलीय, ती चौथीच्या वर आली.

त्रिशलाताईंना एवढंच सांगायचं होतं, की त्याचं काही बरंवाईट झालं नव्हतं. तो चहा पीत होता.

तीन वाजले

सातव्या पायरीवर. खिडकीपाशी. फडकं ओलं आहे, त्याची गाठ अजून —

बाहेर लोखंड भिंतीला घासत आलं. मी गजांतून हात काढून ओरडलो. रस्त्यावर कुणी नाही, ऊन आहे, धुळवडीचा रंग वाळलाय. पण खालून एक माणूस बोलला. आवाज माझाच. तेवढाच तरणा, तेवढाच खात्रीचा.

पुढच्या फेरीत येतो, म्हणाला.

गेला. घासत घासत गेला.

चार असतील

खाली कुणीतरी आहे. बांगड्या वाजतात. हळू, कुणाची झोप मोडू नये तशा. मला वाटलं होतं ती रागावलेली असेल. शिव्या देईल. मी शिव्या ऐकायला तयार होतो —

ती म्हणाली, आलास व्हय? ये की. किती वाट बघितली.

आणि मग म्हणाली, माझं हात भरून आल्यात बाळा, जरा मान धर की ह्यांची, तू येस्तवर धरूनच हाय.

रागावलेली नाही. जराही नाही. हे मला सोसत नाही.

साडेचार

जातो. शब्द दिला होता.

साक्षीताई, तुम्ही उद्या याल. सासऱ्यांना इथं आणू नका. भिंतीवर काही दिसणार नाही, ती मी तयार केलीय. पाणी पायरीपर्यंत नव्हतं. आलं होतं ते जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत. हे त्रिशलाताईंनाही वाचून दाखवा. तो फौजी मीच.

वही खिडकीला बांधून ठेवतो. बाहेरच्या अंगाला. त्याच फडक्यानं, घट्ट, म्हणजे येणाऱ्याला घर ओळख